हायपेरॉन अन् प्रोटॉनची टक्कर कशी अभ्यासायची: वही, मोबाईल अन् मूठभर चिंचोके

आधीच सांगून ठेवतो, मी कोणी सायंटिस्ट नाही. आर्वी तालुक्यात गाव, फिजिक्समध्ये एमएस्सी, ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो अन् उरलेल्या वेळात कापूस, तूर, चणा. चणा घाट्यावर आला की जागलीला जावं लागते, नाहीतर रानडुकरं अन् रोही एका रात्रीत वावर साफ करून टाकतात. मचाणावर बसून रात्रभर रील पाहण्यापेक्षा मी पेपर वाचत बसतो, अन् असे दोन हिवाळे मी हायपेरॉन-न्यूक्लिऑन स्कॅटरिंगवर घातले. यंदा भाची सुट्टीत आली, बीएस्सी सेकंड इयरला आहे, तिनं वही पाहिली अन् म्हणे, "मामा, हे मले समजन का?" तिला समजावता समजावता जो क्रम जमला तोच इथं उतरवून राहिलो. लॅब लागत नाही, ओळख लागत नाही, फक्त बारावीचं गणित अन् थोडा दम पाह्यजे.

आता हा विषय आहे काय ते एका दमात सांगतो. प्रोटॉन अन् न्यूट्रॉन यांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात, त्यांच्या आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण असतात, अन् तेही फक्त अप अन् डाऊन जातीचे. त्यातला एखादा क्वार्क काढून तिथं स्ट्रेंज क्वार्क बसवला की झाला हायपेरॉन: लॅम्डा, सिग्मा, दोन स्ट्रेंज असले तं झाय, तिन्ही स्ट्रेंज असले तं ओमेगा. प्रोटॉन-प्रोटॉन, प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, कारण त्यांच्या टकरींचे हजारो मोजलेले आकडे आहेत. हायपेरॉन अन् न्यूक्लिऑनचे मात्र कित्येक वर्षं जवळपास तीन डझन आकडे होते, अन् तेही बहुतेक १९६० च्या दशकातले अन् सत्तरच्या सुरुवातीचे. तीन डझनवर सगळ्या जगाच्या थिअऱ्या उभ्या. म्हणजे गावात एकच विहीर अन् सगळ्यांच्या मोटरी तिच्यात सोडलेल्या.

अन् हे जाणून करायचं काय, तं न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गच्च दाबलेला गाभा. त्याच्या पोटात दाटी इतकी की न्यूट्रॉनला लॅम्डा होणं परवडते असं हिशोब सांगतो, पण लॅम्डा आले की तारा आतून नरम पडतो अन् जास्त वजन पेलू शकत नाही, आणि २०१० मध्ये तं जवळपास दोन सूर्यांच्या वजनाचा पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, पक्का मोजला गेला. मंग आत लॅम्डा आहेत का नाहीत, अन् असले तं त्यांना ढकलणारं काय आहे? याला हायपेरॉनचं कोडं म्हणतात. ते सोडवायला आधी दोन कणांची साधी टक्कर नीट माहीत पाह्यजे. बस, एवढंच कारण पुरे, आता कामाला लागू.

पहिलं काम म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर कणांची कुंडली मांडा. पार्टिकल डेटा ग्रुपच्या साईटवर सगळं फुकट मिळते. वस्तुमान एमईव्हीमध्ये (मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट; ऊर्जा अन् मोमेंटम, म्हणजे संवेग, तेही याच एककात चालते) लिहा, आयुष्य सेंटिमीटरमध्ये लिहा. आयुष्य सेंटिमीटरमध्ये काऊन, तं आयुष्याला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की जे अंतर येते तेच पुढं रोज लागते. लॅम्डा १११५.७ अन् ७.८९ सेंमी. सिग्मा प्लस ११८९.४ अन् २.४० सेंमी. सिग्मा मायनस ११९७.४ अन् ४.४३ सेंमी. सिग्मा झिरो मात्र जन्मताच फोटॉन टाकून लॅम्डा होऊन जातो, त्याच्या नादी लागू नका. प्रोटॉन ९३८.३, चार्जवाला पाय मेसॉन १३९.६, चार्जवाला केऑन ४९३.७, हे शेवटचे दोन म्हणजे टकरींत तयार होणारे हलके कण. हे आठ-नऊ आकडे पाठच होऊन जातात.

आता खरी गोम. सिग्मा मायनस सरासरी दीड भागिले एक हजार कोटी सेकंद जगतो. एका सेकंदाचे एक हजार कोटी तुकडे केले तं त्यातले दीड. प्रोटॉनचा बीम, म्हणजे सरळ झोत, करता येतो, पाय मेसॉनचा बीम पन्नास-शंभर मीटर लांब नेता येतो, पण एवढ्या कमी ऊर्जेच्या सिग्माचा बीम कसा नेणार? मे महिन्यात आर्वीच्या बसस्टँडवर बर्फाचा गोळा घ्या अन् गावाकडं घेऊन निघा, तसं ते. सिग्मा जिथं तयार होतो तिथंच, त्याच भांड्यात, त्याच दोन-तीन सेंटिमीटरात तो दुसऱ्या प्रोटॉनवर आपटला तं आपटला, नाहीतर गेला. म्हणून या सगळ्या प्रयोगांत हायड्रोजनचं एकच भांडं दोन कामं करते, हायपेरॉन तयार करायचं अन् त्याला टक्कर द्यायचं. हे डोक्यात पक्कं बसलं की पेपरातलं निम्मं आपोआप समजते.

जुने लोक हे बबल चेंबरमध्ये करत. द्रव हायड्रोजनच्या टाकीत निगेटिव्ह केऑन सोडायचे, ते थांबले की प्रोटॉनशी भिडून लॅम्डा-सिग्मा तयार होत, त्यातला एखादा पुढं जाऊन दुसऱ्या प्रोटॉनला धडकायचा अन् बुडबुड्यांच्या रेषेत ते फोटोवर उमटायचं. मंग फोटोंचे ढीगच्या ढीग डोळ्यांनी पाहायचे, एकेक. १९६८ चे लॅम्डा-प्रोटॉनचे दोन पेपर आजही सगळे वापरतात, एकात ३७८ टकरी अन् दुसऱ्यात २२४. भाची म्हणे, "एवढ्याच?" हो बाई, एवढ्याच. आमच्याकडं वेचणीच्या बाया एका दिवसात कापसाची जितकी बोंडं हाताळतात त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही.

पुढची मोठी उडी जपानात. तोकाई नावाच्या ठिकाणी जे-पार्क हे प्रवेगक केंद्र आहे, अन् गंमत म्हणजे तोकाई हे तिथल्या सरकारी कागदावर आजही गावच आहे, मला हे वाचून लय बरं वाटलं. तिथं ई-४० नावाचा प्रयोग झाला, तोहोकू विद्यापीठाचे कोजी मिवा त्याचे प्रमुख, डेटा २०१८ ते २०२० मध्ये घेतला अन् पेपर २०२१-२२ मध्ये आले. आपण हाच प्रयोग उसना घेऊन सगळा हिशोब करू, कारण यातला प्रत्येक टप्पा वहीवर करता येते.

टप्पा असा की १३३० एमईव्ही मोमेंटमचा निगेटिव्ह पाय मेसॉन येतो, ३० सेंमी लांब अन् ४ सेंमी जाड द्रव हायड्रोजनच्या नळकांड्यात एका प्रोटॉनवर आपटतो, त्यातून पॉझिटिव्ह केऑन बाहेर पडतो अन् सिग्मा मायनस तयार होतो. बीममध्ये एका झटक्यात दोन कोटी पाय मेसॉन येतात. सिग्मा आपल्याला सरळ दिसत नाही, मंग तो तयार झाला हे कळणार कसं?

धरमकाट्यावर कापसाची गाडी गेली की आधी भरली गाडी मोजतात, माल खाली केला की रिकामी मोजतात, फरक म्हणजे कापूस, कापूस वेगळा तोलायची गरजच नाही. इथंही तसंच. आत काय आलं ते माहीत, बाहेर केऑन किती घेऊन गेला ते मोजलं, उरलं ते सिग्माचं. फक्त इथं ऊर्जा अन् मोमेंटम दोन्ही वजा करावं लागते अन् मोमेंटमला दिशा असते. याला मिसिंग मास म्हणतात. चला, एक करून पाहू, वही घ्या.

पाय मेसॉनची ऊर्जा म्हणजे १३३० चा वर्ग अधिक १३९.६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: १३३७.३. भांड्यातला प्रोटॉन थांबलेला, त्याची ९३८.३. बेरीज २२७५.६. आता समजा केऑन ८०० मोमेंटमनं बीमच्या दिशेपासून १४.६ अंशात निघाला. त्याची ऊर्जा ८०० चा वर्ग अधिक ४९३.७ चा वर्ग, वर्गमूळ ९४०.१. वजाबाकी केली, सिग्माच्या वाट्याला ऊर्जा १३३५.५. मोमेंटमसाठी त्रिकोणाचा कोसाइन नियम लावा, तो बारावीत सगळ्यांनी केलाय: १३३० चा वर्ग अधिक ८०० चा वर्ग वजा २ × १३३० × ८०० × कोसाइन १४.६. वर्गमूळ येते ५९१. आता १३३५.५ च्या वर्गातून ५९१ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या. ११९७ च्या वर थोडं. कुंडलीत पाहा, सिग्मा मायनस ११९७.४! भाचीनं पहिल्यांदा कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर ठेवून केलं अन् उणे संख्येचं वर्गमूळ निघालं, मंग पंधरा मिनिटं आम्ही दोघं आकडे तपासत बसलो. तुम्ही आधी ते बटन पाहून घ्या.

या एका हिशोबात दोन गोष्टी हातात पडल्या. एक म्हणजे सिग्मा तयार झाला याची खात्री, अन् दुसरी त्याच्याहून मोठी, तो कोणत्या दिशेला किती मोमेंटमनं निघाला हे. म्हणजे बीम नसतानाही प्रत्येक सिग्माचा वेग-दिशा कागदावर मिळाली. मला विचाराल तं या प्रयोगातली सगळ्यात देखणी युक्ती हीच.

आता हा सिग्मा किती दूर जाईल? मोमेंटम भागिले वस्तुमान, ५९१ भागिले ११९७.४, म्हणजे ०.४९४, त्याला ४.४३ नं गुणा. २.१९ सेंमी. सरासरी एवढंच त्याचं आयुष्य, करंगळीच्या अर्ध्यापेक्षा कमी.

मंग टक्कर किती वेळा होणार? द्रव हायड्रोजन लय हलका असतो, एका घन सेंटिमीटरला ०.०७१ ग्रॅम, म्हणजे त्यात प्रोटॉन ४.२ × १० चा २२ वा घात. टकरीचं क्षेत्रफळ, ज्याला क्रॉस सेक्शन म्हणतात, ते समजा ३० मिलीबार्न धरू. मिलीबार्न म्हणजे १० चा उणे २७ वा घात चौरस सेंमी. बार्न हा शब्द इंग्रजीत कोठाराचा, अमेरिकेतल्या फिजिक्सवाल्यांनी युद्धाच्या काळात गमतीनं ठेवला, की युरेनियमचं केंद्रक म्हणजे कोठाराएवढं, दगड मारला तं चुकणारच नाही. आपलं लक्ष्य त्या कोठाराच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. गुणाकार केला की दर सेंटिमीटरला टकरीची शक्यता येते ०.००१२७. उलटं करून पाहा, जवळपास आठ मीटर चालल्यावर एक टक्कर! अन् आपला सिग्मा सव्वादोन सेंटिमीटरात मरतो. म्हणजे साडेतीनशेच्या वर सिग्मा तयार करा तेव्हा एक धडकन.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मी स्वतः इथंच दोन रात्री अडकलो होतो. नेहमीच्या प्रयोगात किती कण सोडले अन् लक्ष्य किती जाड होतं एवढ्यावर हिशोब होते. इथं प्रत्येक सिग्मा वेगळं अंतर चालून मरतो, कोणी तीन मिलिमीटर, कोणी सहा सेंमी, कोणी भांड्याच्या बाहेरच निघून जातो. म्हणून किती सिग्मा हे मोजून उपयोग नाही, सगळे सिग्मा मिळून हायड्रोजनमध्ये एकूण किती चालले ते मोजावं लागते. शेताच्या धुऱ्यावरून अनवाणी चालताना बाभळीचे काटे टोचतात, तं धुऱ्यावर काटे किती आहेत हे किती माणसं गेली यावरून नाही सांगता येत, कोणी दहा पावलं गेला अन् परत फिरला, कोणी पूर्ण धुरा चालला. एकूण पावलं अन् एकूण टोचलेले काटे, हा भागाकार खरा. ई-४० मध्ये ही एकूण चाल कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून काढली आहे, अन् तेच सिम्युलेशन आपण चिंचोक्यांनी करू.

चौपट खेळतात तसे चिंचोके फोडून अर्धे अर्धे करा, एक बाजू पांढरी एक तपकिरी. आम्ही ६४ घेतले. प्रत्येक चिंचोका म्हणजे एक सिग्मा. सगळे मुठीत-ओंजळीत हलवून सतरंजीवर टाका, पांढरे पडले ते मेले, बाजूला काढा, तपकिरी उरले ते पुढचा टप्पा चालले. अर्धे मरतात असं धरलं तं एक फेक म्हणजे २.१९ × ०.६९३ (०.५ चा नॅचरल लॉग, उणे चिन्ह काढून), दीड सेंमी. प्रत्येक फेकीला जिवंत किती अन् मेले किती ते लिहून ठेवा, जिवंतांना पूर्ण टप्पा अन् त्या फेकीत मेलेल्यांना अर्धा टप्पा धरून बेरीज करत जा, ती झाली एकूण चाल. आई ओट्यावरून पाहत होती, म्हणे, "शिकेल-सवरेल माणसं तुम्ही, चिंचोके काहाले खेळून राहिले?"

पण आमचे आकडे जमेनात. पहिल्याच फेकीत ६४ मधले ३८ मेले, दुसऱ्या वेळी सगळे टाकले तं ३६. नेहमी पांढऱ्याकडंच झुकते माप. भाची म्हणे नशीब. मी म्हटलं नशीब नाही, तुझे चिंचोके खोटे आहेत. मंग एकूण २०० फेकी मोजल्या, ११३ पांढरे. फुगीर पाठ खाली बसते अन् कापलेली सपाट पांढरी बाजू वर येते, सरळ आहे. आता चिंचोके फेकून द्यायचे का? नाही! यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. जगण्याची शक्यता २०० पैकी ८७, म्हणजे ०.४३५, तं एका फेकीचं अंतर दीड नाही धरायचं, २.१९ गुणिले ०.८३२ (०.४३५ चा नॅचरल लॉग, उणे चिन्ह काढून), म्हणजे १.८ सेंमी धरायचं. खोटं नाणं चालते, फक्त किती खोटं आहे ते माहीत पाह्यजे. डिटेक्टरही असेच असतात, शंभरातले सत्तर प्रोटॉन पकडतो का ऐंशी, ते मोजून ठेवलं की काम भागते, अन् ते मोजण्यातच या लोकांचे महिने जातात.

६४ चिंचोक्यांची एकूण चाल साधारण १४० सेंमी. टक्कर व्हायला सरासरी ७८७ सेंमी पाह्यजेत. म्हणजे पाच-सहा वेळा पूर्ण डाव खेळा तेव्हा एक टक्कर. तिथं भाची गप्प झाली अन् म्हणे, "म्हणून पन्नास वर्षं कोणी केलं नाही का हे?" अगदी पन्नास नाही, मधी जपानातच केईके प्रयोगशाळेत चमकणाऱ्या तंतूंचं लक्ष्य वापरून थोडंफार झालं होतं, पण टकरी थोड्याच मिळाल्या. मुद्दा तोच.

ज्यांच्याकडं लॅपटॉप नाही पण मोबाईल आहे त्यांनी गुगल कोलॅबवर पायथनमध्ये हेच करावं. शून्य ते एकमधला एक रँडम आकडा घ्या, त्याचा नॅचरल लॉग काढा, उणे चिन्ह लावून २.१९ नं गुणा, झालं त्या सिग्माचं अंतर. एक लाख वेळा करा. चार सेंमी जाड नळकांड्यातून किती बाहेर पडतात तेही मोजा. मचाणावर नेटवर्क एका दांडीवर चालते तरी हे चालते, कारण सगळं गणित त्यांच्या मशीनवर होते.

आता टक्कर झाली हे ओळखायचं कसं? सिग्मा प्रोटॉनवर आपटला की प्रोटॉन उडतो. कॅरममध्ये सोंगटी कोणत्या कोनात गेली यावरून तिचा जोर ठरतो, इथंही सिग्माचं मोमेंटम माहीत असलं तं प्रोटॉनचा कोन सांगा, त्याची ऊर्जा किती असलीच पाह्यजे हे गणितानं निघते. सूत्र लिहून घ्या. वरती २ × प्रोटॉनचं वस्तुमान × सिग्माच्या मोमेंटमचा वर्ग × कोसाइनचा वर्ग, खाली सिग्माची ऊर्जा अधिक प्रोटॉनचं वस्तुमान यांच्या बेरजेचा वर्ग, त्यातून मोमेंटमचा वर्ग × कोसाइनचा वर्ग वजा. आपल्या ५९१ वाल्या सिग्मासाठी मी काढून ठेवलंय: ३० अंशाला १०० एमईव्ही, ४५ अंशाला ६६, ६० अंशाला ३२.

हायड्रोजनच्या नळकांड्याभोवती त्यांनी कॅच नावाचा डिटेक्टर लावलाय, आत चमकणाऱ्या प्लास्टिक तंतूंचे गोल थर अन् बाहेर बीजीओ नावाच्या जड स्फटिकांचे २४ ठोकळे. तंतू कोन सांगतात, स्फटिक ऊर्जा सांगतो, अन् तंतूत किती चमक पडली यावरून हा प्रोटॉन का पाय मेसॉन तेही कळते, कारण हळू चालणारा जड प्रोटॉन जास्त चमक सोडतो. मंग मोजलेली ऊर्जा वजा सूत्रातली ऊर्जा करायची. शून्याच्या आसपास आली तं ही आपली टक्कर. ४५ अंशाला ६५ मिळाले, घ्या. ४५ अंशाला ९० मिळाले, हा दुसऱ्या कोणाचा प्रोटॉन.

अन् दुसऱ्याचे प्रोटॉन लय असतात, हा भाग लोक घाईत वाचतात. सिग्मा मायनस टक्कर न देताच मेला की न्यूट्रॉन अन् पाय मेसॉन देतो. तो न्यूट्रॉन पुढं जाऊन भांड्यातल्याच एखाद्या प्रोटॉनला धडकतो, पाय मेसॉनही धडकतो, अन् उडालेला प्रोटॉन पाहून वाटते सिग्मानंच मारला. शिवाय सिग्मा प्रोटॉनशी भिडून कधी कधी लॅम्डा अन् न्यूट्रॉन होतो, लॅम्डा मंग प्रोटॉन अन् पाय मेसॉनमध्ये फुटतो, तो प्रोटॉन वेगळाच. उपाय असा की प्रत्येक शक्यता खरी धरून तेच वजाबाकीचं गणित करायचं, न्यूट्रॉननं मारलं असं धरलं तं शून्य येते का, लॅम्डाचा आहे असं धरलं तं येते का, अन् ज्याच्या गृहीतकात शून्य येईल त्याच्या खात्यात ती घटना. तुरीचं उफणणं हेच, फोल उडून जावा अन् दाणा खाली राहावा, फक्त थोडा फोल दाण्यातच राहतो अन् तो किती राहिला हे सिम्युलेशनवरून वजा करावा लागतो. गाळून टाकलेली ती लॅम्डा-न्यूट्रॉनवाली घटना वाया गेली नाही बरं, तिचा वेगळा पेपर झाला २०२२ मध्ये.

आता ताळा करू. ई-४० नं १ कोटी ७२ लाख सिग्मा मायनस ओळखले. आपल्या हिशोबानं एका सिग्माला २.१९ × ०.००१२७, म्हणजे दहा हजारात २८ टकरी. गुणलं तं ४८ हजार. त्यांनी ओळखल्या सुमारे साडेचार हजार. दहातली एक! पहिल्यांदा मला वाटलं माझं चुकलं. चुकलं नव्हतं. आपण ३० मिलीबार्न अंदाजानं धरले, काही सिग्मा भांड्याबाहेर जाऊन मेले, लय तिरपे उडालेले प्रोटॉन इतके दमलेले की स्फटिकापर्यंत पोचतच नाहीत, काहींत सिग्मा मरताना निघालेला पाय मेसॉन निसटला, काही उफणण्यात गेले. अंदाज दहापटीच्या आसपास अन् कारणं समजलेली, जागलीवरच्या वहीला यापेक्षा जास्त काय पाह्यजे.

साडेचार हजारांत अचूकता किती? मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही तिची चूक. पूर्ण घेतलं तं ६७, म्हणजे दीड टक्का. पण हे सगळं एका ढिगात ठेवून उपयोग नाही, कोणत्या मोमेंटमला कोणत्या कोनात किती हे पाह्यजे. मोमेंटमचे चार कप्पे अन् कोनाचे डझनभर कप्पे केले तं एका कप्प्यात आले ९०-१००, वर्गमूळ दहा, चूक दहा टक्के. पेपरातही साधारण दहा टक्केच लिहिलंय. १९६८ चे ३७८ असे वाटून पाहा, कप्प्यात सात-आठ पडतात, त्यातून कोनाचं काही कळतच नाही.

आता मूळ आकडे पाहा. हेप-डेटा नावाच्या साईटवर अशा पेपरांचे तक्ते फुकट मिळतात, अन् अर्काइव्ह (arXiv) नावाच्या साईटवर पेपर. तक्ता उतरवा अन् आलेख पेनानं स्वतः काढा, स्क्रीनवर पाहू नका, मी सांगतो म्हणून. सिग्मा मायनसचा आलेख पुढच्या दिशेला उंच चढलेला दिसेल. सिग्मा प्लसचा वेगळाच, अन् त्यात मजा आहे. सिग्मा प्लस म्हणजे दोन अप एक स्ट्रेंज, प्रोटॉन म्हणजे दोन अप एक डाऊन. दोघांचे स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) एका दिशेला असले तं अप क्वार्कांची एकाच जागेसाठी भांडणं लागतात, पाउलीचा नियम त्यांना एकत्र बसू देत नाही, म्हणून दोघं जवळ आले की जोरात ढकलले जातात असं थिअरी सांगत होती. ई-४० नं सिग्मा प्लसच्या सुमारे २४०० टकरींवरून तो धक्का किती हे काढलं, ढकलणं आहे, पण काही मॉडेलं सांगत होती तितकं भयंकर नाही.

लॅम्डाचं काय, असं विचारालच. लॅम्डाला चार्ज नाही, तो रेषच सोडत नाही, म्हणून तो जास्त जगूनही जास्त छळतो. अमेरिकेत जेफरसन लॅबच्या क्लास डिटेक्टरच्या जुन्या डेटातून २०२१ मध्ये ९०० ते २००० एमईव्ही मोमेंटमच्या लॅम्डा-प्रोटॉन टकरी काढल्या, फोटॉन बीम अन् हायड्रोजनचं तेच एक भांडं. चीनमध्ये बेस-थ्री प्रयोगवाल्यांनी तं कमाल केली, एक हजार कोटी जे-साय नावाचे जड, क्षणात फुटणारे कण तयार केले होते दुसऱ्याच कामासाठी, त्यातून निघालेले हायपेरॉन बीमच्या नळीच्या बेरिलियमवर आपटतात हे त्यांच्या लक्षात आलं, अन् नळीलाच लक्ष्य करून टाकलं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगात टक्कर मोजतच नाहीत, एकाच स्फोटातून निघालेले प्रोटॉन अन् हायपेरॉन सोबत सोबत जातात का लांब पळतात यावरून ओढ काढतात, कोलकात्याची व्हीईसीसी ही संशोधन संस्था त्या प्रयोगात आहे. झाय अन् ओमेगासाठी तीच वाट बरी. पण मी म्हणन सुरुवात भांड्यापासूनच करा, ॲलिसची पद्धत समजायला क्वांटम जास्त लागते अन् मध्येच कंटाळा येते.

एक दुखणं सांगून घेतो. एमएस्सीला असताना मला याच विषयावर प्रोजेक्ट करायचं होतं, तं कॉलेजात सांगण्यात आलं की मशीन नाही तं प्रोजेक्ट कसलं, अन् कॉम्प्युटर लॅबला इन्स्पेक्शन सोडून कायम कुलूप. मी मुकाट्यानं ट्रान्झिस्टरवर प्रोजेक्ट केलं. म्हणून ज्या पोट्ट्यांना कोणी असं सांगत असन त्यांनी वरचा सगळा हिशोब वहीत करून प्रोजेक्ट म्हणून मांडावा, चिंचोक्यांच्या तक्त्यासकट.

शेवटचं एक गणित तुमच्यासाठी ठेवतो. आता बीम पॉझिटिव्ह पाय मेसॉनचा, मोमेंटम १४१०, त्यातून पॉझिटिव्ह केऑन ८५० मोमेंटमनं २०.७ अंशात निघाला. मिसिंग मास काढा, ११८९ च्या आसपास आला पाह्यजे, तो सिग्मा प्लस. त्याचं मोमेंटम येईल ६८४. मंग तो सरासरी किती चालतो ते काढा. १.४ सेंमी आलं तं बरोबर. अडीच आलं तं तुम्ही कुंडलीतून आयुष्य सिग्मा मायनसचं उचललंय, भाचीनंही तेच केलं होतं.